जुना कॉम्प्युटर नव्या पडद्याला जोडताना

एचडीएमआयचं भोक शोधत बसू नकोस रे, ते तुझ्या त्या जुन्या कॉम्प्युटरात नाही. सिंक्लेअरने १९८२ साली इंग्लंडात स्पेक्ट्रम काढला तोच मुळी घरातल्या टीव्हीला जोडायला. तुझ्या बाबाने हट्ट करून घ्यायला लावलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस हा त्याच घराण्यातला. डेसिबेल्स कंपनीने परवाना घेऊन तो १९८६ साली इथे आणला. वेगळा मॉनिटर घ्यायची चैन तेव्हा परवडायची कुणाला? म्हणून पाठीमागे अँटेनाच्या वायरीसारखं एक सॉकेट, बस्स.

आता तुला तो तुझ्या नव्याकोऱ्या मॉनिटरवर बघायचाय. दिसेल, न दिसायला काय झालं. फक्त क्रम सोडू नकोस: आधी वीज, मग सिग्नल, आणि खरेदी सगळ्यात शेवटी. तुम्ही पोरं पहिल्याच रात्री मोबाइलवर कन्व्हर्टरचा डबा मागवता आणि तो आला की विचारता, आत्या, हा कुठे लावू?

म्हणून सांगते ते वहीत लिहून घे. तुझ्या मित्रमंडळींकडे निघालेल्या मशीनांचंही मधे मधे सांगते. प्रत्येकाची खोड वेगळी.

विजेचं

१. माळ्यावरून उतरवलेली मशीन त्याच दिवशी प्लगला लावू नकोस, दोन दिवस कोरड्या जागी राहू दे – आत ओल असते, धूळ असते, आणि झुरळांनी केलेला संसार असतो.

२. अडॅप्टर मशीनला लावण्याआधी मल्टीमीटरने मोज – स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतो, पण त्याच्या पिनचा आतला भाग ऋण आणि बाहेरचा धन असतो. आज दुकानात मिळणारे बहुतेक अडॅप्टर नेमके उलटे, आणि उलटा लागला की आतला ट्रान्झिस्टर एकटा जात नाही, मेमरीच्या चिपाही घेऊन जातो.

३. मूळचा अडॅप्टर नुसता मोजलास आणि मीटरने ९ ऐवजी १२-१३ दाखवले तर घाबरून फेकू नकोस – त्यात ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि कपॅसिटर एवढंच असतं. भार पडला की आकडा खाली येतो, आणि नेमके पाच व्होल्ट करायचं काम मशीनच्या आतला रेग्युलेटर करतो.

४. कुणाकडे कमोडोर ६४ निघाला असेल तर त्याचा मूळचा जड ठोकळा वापरूच नका, आजच्या बनावटीचा नवा पुरवठा घ्या – त्या ठोकळ्यातला पाच व्होल्टचा रेग्युलेटर म्हातारपणी बिघडतो तेव्हा बंद पडत नाही, व्होल्टेज चढवतो. आत सगळं राळेत ओतून घट्ट केलेलं, त्यामुळे दुरुस्तीलाही हात शिरत नाही.

५. शाळेच्या भंगारातून बीबीसी मायक्रो मिळाला तर त्याच्या पॉवर सप्लायमधले पारदर्शक, पिवळसर फिल्टर कपॅसिटर आधी बदलून घे, आणि ते काम जाणत्या माणसाकडूनच – त्यांच्या कवचाला बारीक चिरा पडतात, त्यातून दमट हवा शिरते आणि एक दिवस फट्ट आवाज होऊन खोली धुराने भरते. १९८४ साली सुरू झालेल्या ‘क्लास’ प्रकल्पात ही यंत्रं आपल्याकडच्या शाळांमध्ये आली होती, तेव्हा ती अजून कुठे कुठे निघतात.

६. अॅमस्ट्रॅड सीपीसी ४६४ मॉनिटरशिवाय मिळाला तर वीज कुठून द्यायची हा प्रश्न आधी सोडव – त्याचे पाच व्होल्ट त्याच्या स्वतःच्या मॉनिटरमधूनच यायचे. इथे पिनचा आतला भाग धन असतो, म्हणजे स्पेक्ट्रमच्या बरोबर उलट. दोघांचे अडॅप्टर एका खोक्यात ठेवणाऱ्याला मी घरात घेणार नाही.

७. अमेरिकेहून कुणी आणलेली मशीन असेल तर तळाची पट्टी वाच आणि स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लाव – ती १२० व्होल्टवर वाढलेली, आपले २३० तिला झेपत नाहीत.

८. वायरी जोडताना मशीन, मॉनिटर, डबा, सगळं बंद हवं, आणि एक्स्टेन्शन बोर्डाला अर्थिंग खरंच आहे का ते तपासून घे – दोन पिनांच्या अडॅप्टरवर चालणाऱ्या उपकरणाच्या पत्र्याला हात लावलास की मुंग्या येतात ना, ती फिल्टरमधून झिरपणारी वीज. तुला नुसत्या मुंग्या येतात, चाळीस वर्षांच्या चिपेचा मात्र जीव जातो.

आमच्या घरात म्हण पडली होती, ‘मीटरला विचार, मग तारेला हात.’ ती म्हणताना तुझा बाबा तोंड वाकडं करायचा. मीटर शेवटी त्यानेच आणला.

सिग्नल ओळखायचं

इथे जरा थांबू, कारण घोळ सगळा इथेच होतो. स्पेक्ट्रम, कमोडोर, बीबीसी, अमिगा ही सगळी मंडळी टीव्हीच्या चालीने चित्र काढतात: सेकंदाला सुमारे १५,६२५ ओळी, आणि पूर्ण पडदा सेकंदाला ५० वेळा. यालाच बाजारात ‘१५ किलोहर्ट्झ’ म्हणतात. आयबीएमने १९८७ साली व्हीजीए आणलं ते थेट ३१ किलोहर्ट्झवर, आणि त्यानंतरच्या बहुतेक मॉनिटरांनी त्याच्या खालचं ऐकणंच सोडलं. पंगतीत वाढपी सावकाश येतोय म्हणून पानावरून उठून जाणारा पाहुणा असतो ना, तसा हा नवा मॉनिटर. ‘नो सिग्नल’ म्हणतो आणि झोपी जातो. वायर बरोबर असते, मशीनही बरी असते, फक्त चाल जुळत नाही.

दुसरी एक गोम आहे. टीव्हीचं खरं चित्र सम आणि विषम ओळींच्या दोन अर्ध्या भागांत येतं. यातल्या बहुतेक मशीना आळशी. त्या दर वेळी त्याच ओळी पुन्हा काढतात. जुन्या काचेच्या टीव्हीला याने काही फरक पडायचा नाही. नवा टीव्ही मात्र आपल्या हुशारीने दोन अर्धे जुळवायला जातो आणि अक्षरं थरथरतात, कडा पुसट होतात. थरथर दिसली की मशीनला दोष देऊ नकोस.

९. जोडणी कशी होणार ते प्लगचा आकार बघून ठरवू नकोस, आत कोणता सिग्नल आहे ते शोधून ठरव – नऊ पिनांचं सॉकेट जुन्या पीसीच्या सीजीए कार्डालाही असतं आणि सिरियल पोर्टलाही. आत बसतं म्हणून ते चालतं असं नव्हे.

१०. स्पेक्ट्रमचा सिग्नल अँटेनाच्या वाटेने येतो, यूएचएफ चॅनल ३६ वर, म्हणजे ५९१ मेगाहर्ट्झच्या आसपास. म्हणून पहिली चाचणी मॉनिटरवर नाही, आजीच्या खोलीतल्या टीव्हीवर कर – मॉनिटरला ट्यूनर नसतो, टीव्हीला अजून बहुधा असतो.

११. टीव्हीला आपोआप चॅनल शोधायला लावू नकोस, मॅन्युअल ट्यूनिंगमध्ये जाऊन सावकाश पुढे सरक – आपोआप शोधणारा टीव्ही हा दुबळा सिग्नल ओलांडून पुढे निघून जातो.

१२. आवाज टीव्हीतून येत नाही म्हणून अडून बसू नकोस – या स्पेक्ट्रमचा आवाज त्याच्या पोटातल्या छोट्या स्पीकरमधूनच येतो. कमोडोरचं तसं नाही, त्याचा आवाज टीव्हीतूनच येतो. आणि इंग्लंडातला नग असला तर आपल्या टीव्हीवर नुसती खरखर ऐकू येते, कारण तिथे आवाजाची लहर चित्रापासून ६ मेगाहर्ट्झवर आणि आपल्याकडे ५.५ वर.

१३. टीव्हीवर चित्र आलं की पुढची पायरी कंपोझिट, म्हणजे ती पिवळी पिन – अँटेनाच्या वाटेने चित्र आधी लहरीवर चढतं आणि मग उतरतं, त्या चढ-उतारात ते मळतं. लहरीवर चढण्याआधीच ते उचललं की निम्मा धुरळा कमी.

१४. स्पेक्ट्रममध्ये हे करताना मॉड्युलेटरच्या, म्हणजे चित्र लहरीवर चढवणाऱ्या, पत्र्याच्या डबीत शिरणाऱ्या दोन तारा आधी मीटरने ओळख – एकीत पाच व्होल्ट, दुसरीत चित्र. अदलाबदल झाली तर पाच व्होल्ट सरळ तुझ्या मॉनिटरच्या तोंडात.

१५. झाकण उघडताना झटका देऊ नकोस. कीबोर्डच्या प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या वरच्या झाकणाला धरून असतात, त्या सॉकेटातून सरळ वर ओढ, वाकवू नकोस – त्या इतक्या वाळलेल्या असतात की दुमडल्या तिथे तडकतात, आणि मग चित्र येतं पण कळा दाबल्या जात नाहीत.

१६. नव्या सॉकेटसाठी खोक्याला भोक पाडायचं नाही. जुन्याच सॉकेटातून चित्र बाहेर काढ आणि काढलेल्या तारा टेप लावून आतच जपून ठेव – भोक पाडायला क्षण, बुजवायला जन्म. उद्या तुझ्या बाबाला मशीन होती तशी हवीशी वाटली तर परत करता यायला हवी.

१७. कमोडोर ६४ ला उघडायचीही गरज नाही – त्याच्या पाठीमागच्या गोल सॉकेटात उजेड आणि रंग आधीच वेगळे येतात, म्हणजे आपला एस-व्हिडिओ. रंगाच्या तारेत सुमारे ३०० ओहमचा रेझिस्टर टाकलेली वायर घे, नाहीतर रंग भडक होऊन कडांना ओघळतो.

१८. गोल डिन प्लग विकत घेताना पिनांची मांडणी नीट बघ – आठ पिनांचे दोन प्रकार मिळतात, २६२ अंशांचा आणि २७० अंशांचा. कमोडोरला पहिला लागतो. दुसरा जोर लावून बसवणारे महाभाग सॉकेटच उखडून आणतात.

१९. आकृतीवरून डिन प्लगला डाग देताना ती आकृती पिनांच्या बाजूची आहे की डाग देण्याच्या बाजूची, ते दोनदा वाच – दोन्ही एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतात, आणि चूक समजते ती वास आल्यावर.

२०. बीबीसी मायक्रोचं सहा पिनांचं रंगीत सॉकेट थेट कुठल्याही नव्या पडद्याला लावायचं नाही – त्यात लाल, हिरवा, निळा पाच व्होल्टच्या तोऱ्यात येतात आणि पडद्याला पुरतात ०.७. त्याच सॉकेटच्या एका पिनेवर नुसते पाच व्होल्टही उभे असतात.

२१. त्याच मशीनच्या कंपोझिटवर चित्र काळं-पांढरं आलं तर नवी वायर मागवू नकोस – ते कारखान्यातूनच तसं यायचं. आतल्या पाटीवर एस ३९ नावाची जोड आहे, ती जोडली की रंग येतो.

२२. अमिगा ५०० ची पिवळी पिनही काळं-पांढरंच देते, त्याचा रंग २३ पिनांच्या सॉकेटात – आणि तो प्लग आता सहसा मिळत नाही, म्हणून लोक २५ पिनांचा घेऊन कापतात. करवत बारीक पात्याची घे.

डबा कोणता घ्यायचा

२३. ‘एव्ही ते एचडीएमआय’ आणि ‘एचडीएमआय ते एव्ही’ हे दोन वेगळे डबे आहेत, दिसायला मात्र जुळे – बाण बघावा, मग डबा घ्यावा. दुकानदार दोन्ही एकाच उत्साहाने देतो.

२४. पहिल्यांदा सगळ्यात स्वस्त छोटा डबाच आण, पण त्यावर समाधान मानू नकोस – मशीन जिवंत आहे एवढं तो सांगतो, आणि तेवढ्यालाच तो आहे. पुढच्या थरथरीला तोच जबाबदार, कारण सम-विषम ओळी जुळवायचा तो खुळा उद्योग त्याच्याही डोक्यात भरलेला असतो.

२५. डब्याची यूएसबीची वीज मॉनिटरच्या पोर्टातून घेण्यापेक्षा मोबाइलच्या चांगल्या चार्जरवरून घे – वीज अपुरी पडली की चित्र पाच मिनिटं दिसतं आणि मग गायब, आणि तू बिचाऱ्या स्पेक्ट्रमवर संशय घेतोस.

२६. डब्यावर पाल आणि एनटीएससीचं बटण असेल तर आपल्याकडच्या आणि इंग्लंडच्या मशीनला पाल, अमेरिकेच्या मशीनला एनटीएससी ठेव – चित्र स्थिर पण रंग नाही, असं झालं तर दहातल्या नऊ वेळा हेच बटण.

२७. आता चांगला डबा. ओएसएससीचं नाव फार ऐकशील आणि ते खोटंही नाही, तो ओळ आली की तिथल्या तिथे दुप्पट करून पुढे देतो, उशीर जवळजवळ शून्य. पण त्याला कंपोझिट चालत नाही – म्हणजे अमिगाला छान, तुझ्या स्पेक्ट्रमला निरुपयोगी. तुला रेट्रोटिंकसारखा कंपोझिट घेणारा लागेल.

२८. बीबीसी मायक्रोला माझं मत विचारशील तर आरजीबी-टू-एचडीएमआय – रास्पबेरी पाय झिरोवर चालणारा हा प्रकल्प आधी त्याच मशीनसाठी तयार झाला, आणि पाच व्होल्टचे रंग तो थेट समजून घेतो. एकेक ठिपका कातरून काढल्यासारखा दिसतो.

२९. जीबीएस ८२०० नावाची हिरवी पाटी स्वस्त मिळते. तिच्या मूळच्या अवतारात गुंतू नकोस, जीबीएस-कंट्रोल घालून दिलेली मिळाली तर घे – पाटी तीच, पण डोकं बदलल्यावर शहाण्यासारखी वागते.

३०. डबा चित्र ५० हर्ट्झवर पुढे देतो का आणि तुझा मॉनिटर ५० स्वीकारतो का, दोन्ही खरेदीआधी बघ – पुष्कळ मॉनिटर ६० च्या खाली उतरत नाहीत. मग डबा ५० चे ६० करतो, म्हणजे दर पाच चित्रांमागे एक दोनदा दाखवतो, आणि सरळ चालणारा गडी लंगडायला लागतो. या बाबतीत आपल्याकडचा टीव्ही मॉनिटरपेक्षा समजूतदार, त्याला ५० ची लहानपणापासून सवय.

३१. जुन्या बाजारात चौकोनी एलसीडी दिसला तर मागचं मॉडेल वाचून माहितीपत्रकात आडव्या ओळींची वारंवारता बघ – ‘३० ते ८०’ असेल तर सोड, ‘१५’ पासून सुरू होत असेल तर घासाघीस न करता उचल. असा पडदा अमिगाला डब्याशिवायही दाखवू शकतो, शिवाय आकार मूळचाच चारास तीन.

पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलास तर डिन प्लग, रेझिस्टर, चांगली जाड वायर एकाच फेरीत घेऊन ये. आणि वायर दीड मीटरपेक्षा लांब नको, कितीही लाडिगोडीने गळ्यात मारली तरी.

पहिलं चित्र

३२. चालू करताना आधी पडदा, मग डबा, मग मशीन – डब्याला सिग्नल शोधायला वेळ लागतो, आणि मशीन आधी चालू केलीस तर सुरुवातीचं चित्र हुकतं.

३३. स्पेक्ट्रम चालू झाला की पडदा क्षणभर काळा होतो, मग पांढरा, आणि खाली १९८२ सालची सिंक्लेअरची ओळ येते. ती आली की बी दाब, मग २, मग एंटर – बी दाबताच ‘बॉर्डर’ हा आख्खा शब्द उमटतो आणि पडद्याची चौकट लाल होते. एका फटक्यात कीबोर्ड, रंग आणि कडा तिन्ही तपासून झाले.

३४. ओळीऐवजी रंगीबेरंगी चौकोन किंवा उभे पट्टे स्थिर उभे राहिले तर वायरीशी खेळू नकोस – चित्र स्थिर आहे म्हणजे जोडणी बरी आहे, आजार मेमरीत आहे. चित्र वरून खाली घरंगळत असेल तर मात्र चित्राची तार बघ.

३५. खेळताना माणूस हिरव्या झाडाजवळ गेला की तोही हिरवा होतो, तो बिघाड नव्हे – स्पेक्ट्रम आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनात दोनच रंग ठेवतो. हे दुरुस्त करायला दुकानात घेऊन जाऊ नकोस, हसतील.

३६. बीबीसीचं चित्र हलकं थरथरत असेल तर टाईप कर: स्टार, टीव्ही, शून्य, स्वल्पविराम, एक, आणि मग मोड बदल – याने दोन अर्ध्यांचा खेळ बंद होतो, पण लागू होतो तो पुढच्या मोडपासून.

३७. पडद्याच्या सेटिंगमध्ये आकार चारास तीन, शार्पनेस तळाला, आणि मोड ‘गेम’ – रुंद ताणलेल्या चित्रात गोल चेंडू अंडं होतो, आणि सुशोभीकरणाच्या नादात टीव्ही चित्र उशिरा दाखवतो. ‘मॅनिक मायनर’मध्ये उडी वेळेवर मारूनही मेलास तर आधी हे तपास, मग स्वतःला दोष दे.

३८. कडेचा भाग कापला जात असेल तर टीव्हीत ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ शोध – कॅसेटवरून गेम लोड होताना चौकटीत पळणारे पट्टे दिसायलाच हवेत. ते सरळ, सारखे पळताहेत की नाही यावरूनच आम्ही कॅसेट कशी चाललीय ते ओळखायचो.

३९. मॉनिटरला स्पीकर नसेल तर कमोडोरचा आवाज डब्याच्या हेडफोन सॉकेटातून घे – एचडीएमआयमधून आवाज जातो खरा, पण पुढे ऐकवणार कोण?

४०. एकदा सगळं जुळलं की पडद्याच्या आणि डब्याच्या सेटिंगचा मोबाइलवर फोटो काढून ठेव – घरातलं कुणीतरी मॅच बघायला टीव्ही घेतं आणि सगळं पुन्हा ताणलेलं होतं.

४१. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना कागदी पट्टी, आणि अडॅप्टरवर मशीनचं नाव जाड मार्करने – सहा महिन्यांनी तुला वाटेल की आठवेल, आणि तेवढ्यात हाताला लागेल तो अॅमस्ट्रॅडचा अडॅप्टर.

४२. अमिगा ५०० प्लस किंवा २००० ठेवून देणार असशील तर आतली बॅटरी आधी काढ – ती गळते आणि पाटीवरच्या तारा खाऊन टाकते. मग पडदा कितीही भारी असला तरी दाखवणार काय?

४३. खेळून झालं की मशीन, डबा, पडदा अशा उलट क्रमाने बंद कर आणि डब्याचा चार्जर आणि स्पेक्ट्रमचा अडॅप्टर भिंतीतून काढ – स्पेक्ट्रमला चालू-बंद करायचं बटण नाही, त्यामुळे सगळं बंद केलं असं वाटूनही अडॅप्टर रात्रभर तापत राहतो. रविवारी येते तेव्हा तुझा तो डिन प्लग दाखव, डाग देण्याआधी.